उद्या सुनावणी आहे!



सामना सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर कोट-टाय घातलेले एक काका खेळपट्टीवर उतरतात. वाकून बघतात, किल्ली खुपसून बघतात, आणि सांगतात, 'आज दुपारनंतर चेंडू वळणार बरं का!' हा झाला पिच रिपोर्ट. काकांचं म्हणणं बऱ्याचदा साफ चुकतं, तरी आपण ते कान देऊन ऐकतो. कारण मग सामना बघताना आपल्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

अमेरिकेत असाच पिच रिपोर्ट कोर्टाचा लिहितात! त्यांच्या सुप्रीम कोर्टात उद्या कुठला खटला आहे, कोण उभं राहणार, कोणते न्यायमूर्ती काय विचारतील, कुठला वकील कुठे अडकेल, हे सगळं सुनावणीच्या आधीच पेपरात छापून येतं. तिथे हे जमतं, कारण तिथली सुनावणी आटोपशीर असते. साधारण प्रत्येक बाजूला अर्धा तास. संपलं! आपल्याकडे केशवानंद भारती नावाचा प्रसिद्ध खटला १९७२-७३ मध्ये तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस चालला होता. आता ६८ दिवसांचा पिच रिपोर्ट कोण लिहिणार?

आज आपण दोघांनी मिळून असा एक रिपोर्ट तयार करायचा. खटला खराखुरा आहे, तुमच्याच वयाच्या मुलीचा आहे. त्याचा निकाल केव्हाच लागलाय, पण तो मी शेवटाकडे सांगणार. कुणीही उडी मारून खाली जाऊन वाचायचं नाही! समजा, आज मंगळवार, २७ एप्रिल २०२१. उद्या सुनावणी आहे.

आधी गोष्ट ऐका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात महॅनॉय सिटी नावाचं गाव आहे. नावात सिटी असली तरी गाव छोटंसंच, एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगलेलं. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये एक १४ वर्षांची मुलगी होती. कोर्टाच्या कागदांत तिचं नाव नुसतं 'बी. एल.' असं आहे, आपणही तेच म्हणू. २०१७ साली शाळेच्या चिअरलीडिंग संघाची निवड झाली. चिअरलीडिंग म्हणजे सामन्याच्या वेळी उड्या, कोलांट्या, घोषणा करून आपल्या संघाला जोर आणणाऱ्या मुलींचा संघ. बी. एल. वर्षभर ज्युनियर संघात होती आणि आता मुख्य संघात जायचं तिच्या फार मनात होतं. पण तिचं नाव पुन्हा ज्युनियरमध्येच आलं. वर तिच्यापेक्षा लहान, पुढच्या वर्षी हायस्कुलात येणाऱ्या एका मुलीची थेट मुख्य संघात निवड! सॉफ्टबॉलमध्येही तिला हवी ती जागा मिळाली नव्हती.

आली असेल की नाही चीड?

शनिवारचा दिवस होता. शाळा बंद. बी. एल. मैत्रिणीबरोबर 'कोको हट' नावाच्या गावातल्या दुकानात होती. तिने फोन काढला, दोघींनी मधलं बोट वर केलेला फोटो घेतला आणि खाली चार वेळा एकच शिवी लिहिली. एक शाळेला, एक सॉफ्टबॉलला, एक चिअरला आणि शेवटची 'सगळ्यालाच'. (शिवी कोणती ते विचारू नका. संपादकताई लाल पेन घेऊन शेजारीच बसल्यात.) फोटो स्नॅपचॅटवर टाकला. तिथे तो २४ तासांनी आपोआप पुसला जातो आणि तिच्या अडीचशे मित्रमैत्रिणींनाच दिसणार होता. तिला वाटलं, झालं, मन मोकळं झालं.

पण अडीचशे म्हणजे काय थोडे? कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला. तो फिरत फिरत प्रशिक्षक बाईंपर्यंत गेला. बी. एल.ला वर्षभरासाठी ज्युनियर संघातूनही काढून टाकलं. तिने माफी मागितली. मुख्याध्यापकांपासून शाळा मंडळापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, शिक्षा कायम.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने तिला संघात परत घ्यायला लावलं आणि पुढे निकालही तिच्याच बाजूने दिला. शाळा वर गेली, फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टात. तिथेही हरली. आता शाळा सुप्रीम कोर्टात आली आहे. मधल्या चार वर्षांत बी. एल. शाळा संपवून कॉलेजात गेलीय. चिअरचा संघ केव्हाच मागे पडला.

मग भांडण उरलं कशाचं? तेच तर आपल्या रिपोर्टात लिहायचंय.

अपील कोर्ट 'मुलगी जिंकली' एवढ्यावर थांबलं नाही. तिथल्या तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी एक नियमच घालून दिला. मूल शाळेबाहेर जे बोलेल त्यावर शाळेची 'अडथळ्याची कसोटी' लागूच होत नाही, असं ते म्हणाले. कुठली कसोटी? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

डिसेंबर १९६५. आयोवा राज्यातलं डे मॉइन शहर. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ आणि आणखी काही मुलं युद्धात मेलेल्यांच्या शोकासाठी दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेने त्यांना घरी पाठवलं, फीत काढून या म्हणून. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६९ साली सात विरुद्ध दोन मतांनी मुलं जिंकली. कोर्ट म्हणालं, शाळेच्या फाटकातून आत आलं म्हणून मुलांचा बोलण्याचा हक्क बाहेर राहत नाही. मात्र बोलण्याने शाळेच्या कामात खरोखरीचा, मोठा अडथळा येत असेल तर शाळा थांबवू शकते. ही टिंकर कसोटी.

पण टिंकरची मुलं शाळेच्या आत होती. १९६५ मध्ये आत म्हणजे आत आणि बाहेर म्हणजे बाहेर. मध्ये फाटक होतं, फाटकाला कडी होती. आता सांगा, फोनला फाटक कुठे असतं? रविवारी रात्री घरी बसून टाकलेला मेसेज सोमवारी सकाळी वर्गात सगळ्यांच्या खिशात असतो. तो आतला म्हणायचा की बाहेरचा?

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. बोलण्याच्या स्वातंत्र्याची ती अमेरिकन पहिली घटनादुरुस्ती १७९१ सालची आहे आणि ती बांधते फक्त सरकारला. महॅनॉयची शाळा सरकारी, म्हणून हा खटला उभा राहिला. खाजगी शाळा असती तर या मुद्द्यावर तो सुरूच झाला नसता.

आता खेळपट्टीवर उतरू. किल्ली घ्या हातात.

शाळेतर्फे बोलणार आहेत लिसा ब्लॅट. कोर्टात पुष्कळ वेळा उभ्या राहिलेल्या, पक्क्या तयारीच्या वकील. त्यांचं म्हणणं काय असेल? त्या बी. एल.च्या शिवीवर फारसं बोलणार नाहीत, कारण तिथे त्यांची बाजू लंगडी आहे. त्या बोलतील दुसऱ्या मुलांविषयी. एखाद्या मुलाची रोज रात्री फोनवरून टिंगल होते, छळ होतो, आणि तो सकाळी शाळेत यायला घाबरतो. 'हे घरून केलं, शाळेचा काय संबंध?' असं छळणाऱ्याने म्हटलं तर शाळेने हात चोळत बसायचं का? हा त्यांचा सगळ्यात चांगला चेंडू आहे. अमेरिकन सरकारचे वकीलही त्यांच्या मदतीला येऊन बोलणार आहेत.

मुलीतर्फे डेव्हिड कोल. त्यांचा चेंडू असा: शाळेत असताना शाळेचं ऐकायचं, ठीक. घरी आल्यावरही शाळेचंच? मग मूल मोकळेपणी बोलणार केव्हा, झोपेत? आणि शाळेवरच टीका करायची असेल तर? शाळेच्या आवारात करता येत नाही, बाहेर केली तर शाळा पकडते. मग करायची कुठे?

तुम्हाला कुणाचं पटतंय? मला विचाराल तर ही दोन्ही म्हणणी वाचून मी दोनदा इकडचा तिकडे झालो.

पण खरी मजा वकिलांच्या भाषणात नसते, बरं का. ती असते न्यायमूर्तींच्या प्रश्नांत. तिथे नऊ न्यायमूर्ती एकत्र बसतात आणि वकिलाचं सुरुवातीचं बोलणं होतं न होतं तोच प्रश्न सुरू. त्यातले बरेचसे प्रश्न खटल्याबद्दल नसतातच! 'समजा' हा तिथला सगळ्यात लाडका शब्द. समजा, मुलीने शिवी दिली नसती, 'आमच्या प्रशिक्षक बाई पक्षपाती आहेत' एवढंच लिहिलं असतं तर? समजा, फोटो शनिवारी दुकानात नाही, सोमवारी शाळेच्या बसमध्ये टाकला असता तर? समजा, एखाद्या मुलाने घरून राजकारणाबद्दल किंवा धर्माबद्दल असं मत लिहिलं की अर्धी शाळा खवळली. अडथळा तर आला. मग शिक्षा कुणाला, लिहिणाऱ्याला की खवळणाऱ्यांना?

हे 'समजा' उगाच नसतात. बी. एल.चा प्रश्न बी. एल.पुरता सुटेल, पण सुप्रीम कोर्टाने घातलेला नियम देशातल्या सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांना लागणार. म्हणून न्यायमूर्ती तो नियम आधी ताणून बघतात, कुठे फाटतो ते. आई नवा शर्ट घेताना शिवणीवर ओढून बघते ना, तसं. तेव्हा रिपोर्टात तुम्ही लिहायचं ते हे: ब्लॅटबाईंचा नियम कुठे फाटेल, आणि कोलसाहेबांचा कुठे. माझ्या रिपोर्टात मी लिहिलं असतं, बाईंचा फाटेल 'शाळेवर टीका' इथे आणि साहेबांचा फाटेल 'फोनवरचा छळ' इथे. तुमचं वेगळं असेल तर कागदावर लिहून ठेवा, मगच पुढे वाचा.

तोवर जरा कोर्टाची इमारत बघून घेऊ. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या समोरच ही पांढरी, खांबांची इमारत आहे, १९३५ साली उघडलेली. वकिलांच्या टेबलावर अजूनही पांढऱ्या पिसांच्या लेखण्या ठेवतात. लिहायला नव्हे, आठवण म्हणून घरी न्यायला! बोलायच्या जागी दोन दिवे असतात. पांढरा लागला की पाच मिनिटं उरली, लाल लागला की थांबायचं. आणि सांगू का, कोर्टाच्या दालनाच्या बरोबर वर, सगळ्यात वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचं मैदान आहे. त्याला तिथले लोक थट्टेने 'देशातलं सर्वोच्च कोर्ट' म्हणतात. खाली सुनावणी चालू असताना वर चेंडू आपटायला सक्त मनाई.

उद्याच्या सुनावणीला मात्र पिसं नाहीत आणि दिवे नाहीत. कोरोनामुळे न्यायमूर्ती आपापल्या जागी आणि वकील फोनवर! आवाज सगळ्या जगाला थेट ऐकता येणार.

तर, २८ एप्रिल २०२१. आपल्याकडे संध्याकाळ उलटून गेली होती. कोरोनाची दुसरी लाट होती, बाहेर पडायची सोय नव्हती. सुनावणी ठरलेल्या तासाऐवजी जवळजवळ दोन तास लांबली.

आणि बघा काय झालं. न्यायमूर्ती ब्रायर यांनी सरळच बोलून दाखवलं की सगळ्यांसाठी नियम लिहायची त्यांना धास्ती वाटते. शाळेबाहेर शिव्या देणाऱ्या प्रत्येक मुलाला शिक्षा करायची म्हटलं तर शाळांना दुसरं काही काम उरणार नाही, असंही त्यांनी सुनावलं. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतः मुलींना बास्केटबॉल शिकवलेलं. त्यांनी काढली मायकेल जॉर्डनची आठवण! एवढा थोर खेळाडू, पण शाळेत असताना त्याला मुख्य संघात घेतलं नव्हतं आणि २००९ मध्ये मोठा सन्मान घेताना भाषणातही तो ते विसरला नव्हता. संघात नाव न येण्याचं दुःख एका १४ वर्षांच्या मुलीला किती मोठं वाटेल, हे ते सांगत होते. हा प्रश्न मात्र कुणाच्याच पिच रिपोर्टात नसणार!

मोठमोठे 'समजा' दोघांनाही विचारले गेले. ब्लॅटबाईंना टीकेवरून, कोलसाहेबांना छळावरून. तुमच्या कागदावर हे असेल तर पाठ थोपटून घ्या.

निकाल आला २३ जून २०२१ रोजी. आठ विरुद्ध एक. मुलगी जिंकली.

पण थांबा. अपील कोर्टाचा तो मोठा नियम मात्र सुप्रीम कोर्टाने उचलला नाही. निकाल ब्रायर यांनीच लिहिला. ते म्हणाले, शाळेबाहेरच्या बोलण्यावर शाळेचा अधिकार अजिबात नाही असं नव्हे. गंभीर छळ, धमक्या अशा गोष्टींत शाळा लक्ष घालू शकते. पण घरी असताना मूल आईवडिलांच्या ताब्यात असतं, शाळेच्या नाही. आणि आतलं-बाहेरचं सगळंच शाळेने पकडलं तर चोवीस तासांत मुलाला बोलायला जागाच राहत नाही. शिवाय न आवडणारी मतं जपणं हे खुद्द शाळेचंही काम आहे, कारण लोकशाहीची रोपं तिथेच वाढतात. आता अडथळा किती आला होता म्हणता? पुरावा तपासला तेव्हा निघालं, बीजगणिताच्या तासाला एकदोन दिवस पाच-दहा मिनिटं कुजबुज. बस्स!

विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ती थॉमस यांचं. त्यांनी थेट १८५९ सालचा व्हरमाँट राज्यातला खटला काढला. एक मुलगा शाळा सुटल्यावर वडिलांची गाय हाकत गुरुजींच्या घरावरून चालला होता. इतर मुलांच्या देखत तो गुरुजींना 'म्हातारा जॅक' असं काहीतरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चामड्याच्या वादीने फोडून काढलं, आणि तिथल्या कोर्टाने म्हटलं होतं, गुरुजींना शिक्षेचा अधिकार आहे! थॉमस यांचं म्हणणं, जुना रिवाज हा असा आहे. मला त्यांचं पटत नाही, पण खटला शोधून काढला झकास.

आता नकाशा काढा. महॅनॉय सिटी ज्या स्कूलकिल जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मायनर्सव्हिल नावाचं आणखी एक गाव आहे. १९३५ साली तिथल्या शाळेने एका बहीणभावाला काढून टाकलं होतं. का, तर धर्माच्या कारणाने झेंड्याला सलाम करायला ती तयार नव्हती. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टात ती मुलं आठ विरुद्ध एक अशी हरली. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात कोर्टाने स्वतःचीच चूक सुधारली. आणि मग १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टापुढे केरळची तीन भावंडं आली. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मामुळे गात नसत, म्हणून शाळेने काढलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल लिहिताना त्या दोन्ही अमेरिकन खटल्यांचा विचार केला, आणि मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणतात तो हाच. मायनर्सव्हिलची ती पोरं हरली, पण त्यांचा खटला फिरत फिरत दिल्लीपर्यंत आला!

आपल्याकडेही २०२२ सालापासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट बघता येतात. एखादी लावून बघा. पाच मिनिटांत कंटाळा येईल, पण उठू नका. कुणीतरी 'समजा' म्हणेपर्यंत थांबा.

आणि आता तुमची पाळी. तुमच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात एकही शिक्षक नाहीत. रविवारी एकाने बाईंची नक्कल करणारा व्हिडिओ टाकला. सोमवारी बाईंना कळलं. शाळेने त्याला सहलीला न्यायचं नाही असं ठरवलं. समजा, खटला उद्या आहे आणि तुम्ही न्यायमूर्ती आहात. दोन्ही वकिलांना एकेकच 'समजा' विचारता येईल. कोणता विचाराल? पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा. निवडक प्रश्न पुढच्या महिन्यात इथेच छापू, नावासकट. आणि हो, नाव छापायचं नसेल तर बी. एल.सारखी नुसती आद्याक्षरं लिहिलीत तरी चालेल.

तुमचा,
वकीलकाका